वाफा पहिला, तांबे दोन

विलायतेत थंडी अडवायला काचेचं घर बांधतात. रत्नागिरीत थंडी अडवावी लागेल इतकी कधी पडल्याचं कोणाला आठवत नाही. तरी एकतीस साली आमच्या आप्पांनी ते बांधलं.

आप्पा म्हणजे माझ्या आनंदीमावशीचे यजमान, गंगाराम. पुण्याला शेतकी खात्यात अठ्ठावीस वर्षं काढून, पेन्शन घेऊन, ते आरे-वारेच्या वाटेवरच्या आपल्या घरी परतले होते. त्याच सुमारास बंदरावरचा एक जुना बंगला पाडला, त्याच्या खिडक्या आप्पांनी उचलल्या. चौसष्ट खिडक्या. परसात चिरे काढून काढून डोंगराची एक उभी भिंत तयार झाली होती, तिला टेकवून त्यांनी घर उभं केलं. भिंती खिडक्यांच्या, छप्पर खिडक्यांचं, दारसुद्धा दोन खिडक्या एकावर एक ठोकून केलेलं. एवढंच झालं की बसवताना सगळ्या खिडक्या उलट्या बसल्या. बंगल्यात आत असलेली बाजू इथे बाहेर आली आणि कड्याही तिच्याबरोबर बाहेर आल्या. चौसष्ट खिडक्या असून आतून एकही उघडत नाही, असं घर सबंध जिल्ह्यात दुसरं नसावं.

मार्च उजाडला तसं घर तापू लागलं. मग आप्पांनी काचांवर माडाच्या झावळ्या टाकल्या. उजेड आत यावा म्हणून काच आणि ऊन आत येऊ नये म्हणून झावळ्या, अशी व्यवस्था झाली. तिच्याखाली सालाडचे तीन वाफे होते, आणि मी.

सालाड म्हणजे साहेबलोक कच्चा खातात तो पाला. मी म्हणजे लवू. वय एकोणीस, मॅट्रिक एकदा नापास, दुसऱ्यांदा बसलो नाही.

दाराला कडी लावली नाही तर वाऱ्याने दार उघडे आणि कोंबड्या आत शिरत. म्हणून मी आत गेलो की आप्पा बाहेरून कडी लावत आणि पडवीत जाऊन टिपणं वाचता वाचता झोपत. पाणी घालायला अर्धा तास पुरे. बाकीचा वेळ मी आप्पा जागे होण्याची वाट पाहत असे. काचेचं घर असल्यामुळे ही वाट एकट्याने पाहावी लागत नसे. वाटेने जाणारा प्रत्येक जण थांबून माझ्याबरोबर पाहत असे.

"काय रं लवू," मासे विकायला निघालेली जनी रोज डोक्यावरची पाटी न उतरवता विचारी, "आज पन कोंडलान काय तुला म्हाताऱ्यान?"

"कोंडलं नाही. प्रयोग चालू आहे."

"तुझ्यावर?"

"भाजीवर."

"मग भाजी बाहेर जाते नि तू आत ऱ्हातोस, ता कसा?"

"भाजी पण आतच आहे, जने. जरा कडी काढ."

"नको बाबा. तू सुटलास तर माझ्यावर यायचा." आणि जाई. तिच्या मागून शाळेतली पोरं येत, काचेला नाक लावत, आणि मी हललो की ओरडत.

मी पळून का जात नव्हतो? तर एका पत्रामुळे. मुंबईला गोदीत महिपतराव नावाचे मोठे कारकून होते, आप्पांचे बाळमित्र. त्यांच्या हाताखाली पेट्या मोजून घ्यायला एक माणूस हवा होता, एक जूनपासून. त्यांनी कळवलं होतं : ‘लवूस घेतो. मात्र हातात घेतलेले काम तो पुरे करतो असे आपण स्वहस्ते लिहून द्यावे. पत्राशिवाय येऊ नये.’ आणि आप्पा खोटं लिहीत नसत. म्हणजे काम पुरं व्हायला हवं, मग पत्र, मग बोट. शेवटची बोट पंचवीस मेला. त्यानंतर समुद्र बंद, तो थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. तोवर महिपतराव माझी वाट बघत थोडेच बसणार? घाटावरून कोल्हापूरला मोटार जाते हे खरं, पण मोटारीत मला पालीच्या पुढे जाता येत नाही. माझं पोट पालीलाच परत फिरतं.

आप्पांचा प्रश्न तसा साधा होता. आमच्याकडे वैशाखात विहिरीत डोकावलं की आधी विहिरीचा तळ दिसतो, मग पाणी. अशा ठिकाणी सालाडला कमीत कमी किती पाणी पुरेल? म्हणून तीन वाफे, प्रत्येकात बारा रोपं. पहिल्या वाफ्याला रोज दोन तांबे, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला आठ. काच कशासाठी, तर उघड्यावर दव पडतं, शेजाऱ्यांच्या मोरीचं पाणी झिरपतं, कोणाला तरी दया येते.

"बाहेरचा एक थेंब आत येता कामा नये, लवू," आप्पा सांगत. "एक थेंब आला की प्रयोग संपला."

पुण्याला एकदा भर बैठकीत त्यांनी, रत्नागिरीत उन्हाळ्यात सालाड होईल, असं म्हटलं होतं. सगळी खोली हसली होती. कोणीतरी म्हणालं, मग गंगारामपंत, समुद्रात गहूही पेरून बघा. ही गोष्ट आप्पांनी मला चारदा सांगितली. चारही वेळा सांगताना त्यांनी चष्मा काढून पुसला.

मावशीला काचघराच्या दाराशी यायची बंदी होती. त्याला कारण घडलं होतं. फेब्रुवारीतली पहिली लावणी हाताशी आली तेव्हा ती आत येऊन पाटीभर सालाड खुडून घेऊन गेली आणि तिने ते फोडणीला घातलं. कढईभर पाला बघता बघता आक्रसला. मावशी झाऱ्याने शोधत राहिली. शेवटी ताटात वाढायला चमचाभर काळपट काहीतरी आणि वाटीभर पाणी उरलं. "ही भाजी नव्हे," ती म्हणाली, "हे भाजीचं सोंग आहे." आप्पांची लावणी बुडाली, म्हणून एप्रिलमध्ये दुसरी करावी लागली, म्हणून मी अजून आत होतो.

दुसरी लावणी झाल्यावर पंधरा दिवसांत तिन्ही वाफ्यांचे स्वभाव दिसू लागले. तिसरा वाफा सुखवस्तू. पानं ही मोठी, फिकी, लोळणारी, जेवून आडव्या झालेल्या माणसासारखी. त्याची माती कधी सुकत नसे, तिला शेवाळी वास येई आणि पानांच्या कडा तपकिरी पडून कुजत. दुसरा वाफा सज्जन. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही घडत नसे. पहिल्या वाफ्याचं मात्र बघवत नव्हतं. रोपं वितीएवढीही नाहीत, पानं जाड, चामड्यासारखी, मोडलं तर पांढरा चीक येई. मी एक पान खाल्लं. संध्याकाळपर्यंत चहासुद्धा कडू लागला.

"हा मरणार," आप्पा म्हणाले. "मरू दे. किती दिवसांत मरतो ते नोंदव."

मला बरं वाटलं. एक मेला, एक कुजला, मधला जगला, प्रयोग संपला. कोणत्याही आजीने हे न बघता सांगितलं असतं. मी ट्रंक खाटेखालून ओढून खाटेजवळ ठेवली.

पण पहिला वाफा मरेना. वैशाख लागला आणि चार दिवसांत त्याची पानं हिरवी झाली. आठ दिवसांत ती उघडू लागली. आप्पा शिंप्याची टेप घेऊन आत आले आणि गुडघ्यावर बसून प्रत्येक पान मोजत सुटले.

"दोन तांबे घालतोस ना नक्की?"

"दोनच."

"जास्त नाही?"

"आप्पा, तुम्हीच तांब्या मोजून देता."

त्यांनी टेप गुंडाळली. मग हळूच म्हणाले, "काटकसर! हालात वाढलेली पोरं हुशार निघतात, तसं आहे हे. आधी रडली, मग पेटून उठली." आणि मातीचा हात कपाळाला लावून, "पुढच्या मोसमात एक तांब्या. त्याच्या पुढच्या मोसमात शून्य. शून्य तांबे, लवू! कल्पना कर."

मी केली. मला काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी नेहमीप्रमाणे आत, आप्पा नेहमीप्रमाणे पडवीत. पहिल्या वाफ्याशेजारी उकिडवा बसलो होतो. मानेवर थेंब पडला. मला वाटलं घाम. पण घाम मला कपाळावर येतो, छपरातून येत नाही. वर पाहिलं. एका काचेचा कोपरा उडालेला होता, त्यावर झावळी, आणि झावळीच्या फटीतून एका मडक्याचं बूड दिसत होतं. मडक्याला भोक, भोकात दर्भाची काडी, काडीच्या टोकाला दुसरा थेंब तयार. मडक्यावर दोन हात आले. हातांत मावशीच्या बांगड्या होत्या.

"मावशी!"

"ओरडू नको मेल्या. जागे होतील." आवाज काचेतून विहिरीतून आल्यासारखा येत होता.

"हे काय करतेस?"

"दिसत नाही? गळती आहे."

वैशाखात देवळात पिंडीवर आणि दारातल्या तुळशीवर गळती ठेवतात. थेंब थेंब पाणी दिवसभर. महिनाभर ती सुकू द्यायची नाही. कोणी गेलं की त्याच्या नावानेही टांगतात. हे मला माहीत होतं. सालाडवर ठेवतात हे नवीन होतं.

"मावशी, ही तुळस नाही. साहेबाची भाजी आहे."

"तहानेला जात असते का रे? वैशाखात दारातल्या जीवाला दोन तांब्यांवर ठेवायचं आणि शेजारच्या त्या लोळणाऱ्याला आठ! पंगतीत असं वाढलंन कोणी तर माणसं पानावरून उठून जातील. मला स्वयंपाकघराच्या दारातून रोज दिसायचं ते. घास उतरत नव्हता."

"अगं, पण प्रयोग आहे तो!"

"प्रयोग त्यांचा. वैशाख माझा."

"आणि तुला इथे यायची बंदी आहे."

"दाराशी यायची. छपराबद्दल काही बोलले नाहीत." मागची भिंत डोंगराचीच असल्यामुळे परसाच्या वरच्या अंगाने छपरावर हात पोचत असे, हे खिडक्या बसवताना कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. "मी संकल्प सोडलाय, अमावास्येपर्यंत. तू बोललास आणि गळती काढावी लागली, तर ते पाप तुझ्या माथी."

"बरं. निदान कडी तरी काढ."

"दाराशी यायची बंदी आहे ना?" असं म्हणून मावशी गेली.

मी बसून विचार केला. आप्पांना सांगावं तर थेंब आत आला, म्हणजे प्रयोग बाद, म्हणजे तिसरी लावणी, म्हणजे बोट चुकली. न सांगावं तर प्रयोग पुरा, पत्र खिशात. आणि शून्य तांब्यांच्या वेळी मी मुंबईत पेट्या मोजत असणार. इतका सोपा विचार माझ्या वाट्याला फार कमी वेळा आला होता. मी तोंड मिटलं. थेंब पडत राहिला. दर थेंबाला मी जरा मुंबईजवळ जात होतो, असं धरून चाललो.

अमावास्येच्या आदल्या दिवशी चव बघायचं ठरलं. त्यासाठी आप्पांनी दाभोळचा धोंडू बोलावला. आमच्या ओळखीत सालाड खाल्लेला माणूस तोच. बावीस वर्षं विलायती बोटींवर बटलर होता आणि आता मुलीकडे राहायला आला होता. उघडं टक्कल आणि पितळी बटणांचा पांढरा कोट अशा थाटात तो आला. त्या दिवसापुरती मावशीला आत यायची परवानगी मिळाली, कारण मीठ आणि लिंबू धरायला कोणीतरी हवं होतं. आप्पांनी मला खिशातून पत्राचं टोक दाखवलं.

"लिहून ठेवलंय. आज धोंडूने सांगितलं की सही करतो. तू परवा निघालास तरी चालेल. आणि पुण्याला कळवायचा कागदही तयार आहे. हसू दे त्यांना आता!"

आम्ही चौघे आत गेलो. अकराच्या सुमाराला समुद्रावरून वारा सुटतो. तो सुटला, दार आपटलं, आणि बाहेरची कडी आपोआप पडली. आवाज सगळ्यांनी ऐकला. कोणी काही बोललं नाही, कारण आप्पा काही बोलले नाहीत. घरचा मालक कोंडला गेला आहे हे त्याच्याआधी पाहुण्याने कसं म्हणावं?

धोंडूने तिसऱ्या वाफ्याचं पान घेतलं, चावलं, विचार केला. "ह्ये पानी हाय, आप्पानू. पानी चावून खाल्ल्यासारखं वाटतं."

दुसऱ्याचं घेतलं. "ह्ये बरं. कप्तानाला वाढलं असतं तर तो काय बोलला नसता."

मग पहिल्याचं. पान दातांखाली मोडलं त्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. धोंडूने डोळे मिटले.

"काय?" आप्पा म्हणाले. "कडू आहे?"

"कडू नाय. ह्ये कप्तानाला नसतं वाढलं." त्याने आणखी एक पान तोडलं. "ह्ये मी खाल्लं असतं."

आप्पांनी पत्र बाहेर काढलं. दौत-टाक त्यांनी बरोबर आणलेच होते. ती दौत त्यांनी मावशीच्या हातातल्या ताटलीत मिठाशेजारी ठेवली आणि टाक बुडवला. तेवढ्यात धोंडूच्या टकलावर थेंब पडला. त्याने पुसला. दुसरा पडला.

"आप्पानू, तुमचा मांडव गळतोय."

"घाम आहे तो. काचेला घाम येतो."

धोंडूने बोटावरचा थेंब जिभेला लावला. बावीस वर्षांच्या बटलरला कशाचीही चव घ्यायची सवय असते. "घामाला तुळशीचा वास येतोय."

मावशी मिठाकडे बघू लागली.

"लवू," आप्पा म्हणाले, "तू रोज असतोस इथे. काचेला घाम येतो ना?"

हो म्हणायचं होतं. एक अक्षर. टाकाच्या टोकाला शाई जमून लोंबत होती. मला सत्याची विशेष आवड नाही. मॅट्रिकच्या निकालाबद्दल मी घरी तीन आठवडे वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. पण आप्पांनी डाव्या हाताने चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसू लागले. मला ती पुण्याची खोली दिसली. दोन तांब्यांचा कागद तिथे पोचल्यावर कोणीतरी दोन तांबे घालून बघणारच. आणि मग पुन्हा सगळे हसणार. दुसरीकडे कुठे बघायचं म्हटलं तर तिन्ही बाजूंना काच, आणि काचेत आप्पाच.

"नाही आप्पा," मी म्हणालो. "गळती आहे. वैशाख लागल्यापासून."

आप्पा तडक दाराकडे निघाले. रागावलेल्या माणसाला तेवढा हक्क असतो. त्यांनी दार ढकललं, मग हलवलं, मग परत आले. राग ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते तिसऱ्या वाफ्याकडे तोंड करून, आमच्यापासून दोन हातांवर, पाठमोरे उभे राहिले. आम्ही त्यांच्या पाठीकडे बघत उभे राहिलो. ऊन चढत होतं. टप्, असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला.

"मीच ठेवली," मावशी म्हणाली. "त्याला बोलू नका."

"मी कोणाला बोललो?" आप्पा वाफ्याला म्हणाले.

टप्.

"किती मावतं त्यात?" हेही वाफ्यालाच.

"काय?"

"मडक्यात. पाणी."

"दोन तांबे," मावशी म्हणाली. "सकाळी भरते, ती दिवसभर पुरते."

"रोज दोन?"

"रोज. संकल्प म्हणजे काय खेळ वाटला?"

आप्पांचे ओठ हलले. "दोन लवूचे नि दोन..."

"चार," धोंडू म्हणाला.

"चार!" आप्पा गर्रकन वळले. "म्हणजे पहिल्याला चार आणि दुसऱ्यालाही चार! पाणी सारखंच! अहो, मग फरक कशाने पडला? एकाला अर्धं दिवसभर थेंबाथेंबाने, दुसऱ्याला सगळं एकदम! किती पाणी हा प्रश्नच अर्धा होता. कसं पाणी, ते मी विचारलंच नाही!" त्यांनी मावशीचा मिठाचा हात धरला. मीठ सांडलं. दौतही सांडली. "तुझ्या लक्षात आलं होतं का हे?"

"माझ्या एवढंच लक्षात आलं होतं की त्याला तहान लागलेय."

"आप्पानू," धोंडू कोटाची बटणं सोडत म्हणाला, "शोध लागला ता बरा झाला. आता दाराचा शोध लावा. माझं टक्कल शिजतंय."

जनी आली तेव्हा बारा वाजून गेले होते. ती थांबली. आत मोजून बघितलं.

"अगो बाई. आता सगळेच?"

"जने, कडी काढ," आप्पा म्हणाले.

"काढते. पन ह्यात प्रयोग कोन नि मानूस कोन, ता आधी सांगा."

"जने!"

"बांगडे घ्याल का? सकाळपासनं कोन घेत नाय." मावशीने काचेतून दोन बोटं दाखवली, जनीने चार दाखवली, तिनावर मिटलं, तेव्हा कडी निघाली.

त्या संध्याकाळी मी आप्पांच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी पत्र काढलं, वाचलं आणि परत घडी घातली.

"हे मला देता येत नाही, लवू. यात लिहिलंय काम पुरं केलं म्हणून. झालं का पुरं?"

"मी खरं बोललो म्हणून नाही झालं."

"तेच म्हणतो मी. खोटं बोलला असतास तर झालं असतं." हे त्यांनी इतक्या कळवळ्याने सांगितलं की मला त्यांचंच सांत्वन करावंसं वाटलं. "आता गळतीचा वेगळा वाफा हवा. दिवाळीपर्यंत होईल."

ट्रंक मी खाटेखाली ढकलली.

अमावास्येला मावशीने गळती उतरवली. आप्पा हबकले. "अगं, आत्ता कुठे सुरुवात आहे!" मावशी म्हणाली, "वैशाख संपला. ज्येष्ठात गळती कोण ठेवतंय?" आप्पांनी जन्मात पहिल्यांदा पंचांग उघडून कुठे सवड सापडते का बघितलं. सापडली नाही. मग ते स्वतःच मडकं घेऊन छपरावर ओणवे झाले. त्यांना दर्भ कसा बसवायचा ते ठाऊक नव्हतं. पाणी धारेने आलं आणि पहिल्या वाफ्यात खड्डा पडला. दुसऱ्या दिवशी काडी इतकी घट्ट बसवली की काहीच आलं नाही. मी आत बसून दोन्ही नोंदवलं. तिसऱ्या दिवशी मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग पदर खोचून वर गेली, त्यांच्या हातातून मडकं काढून घेतलं, काडी दोनदा फिरवली आणि खाली आली. टप्, असं झालं. आप्पा वरच बसून राहिले.

असे दिवस गेले. पंचवीस तारीख उजाडली. बोट दहाची. मी आठ वाजता तांब्या घेऊन दाराशी गेलो, कारण माझी ती वेळ होती. आप्पा दारातच उभे होते. पायाशी तीन कुंड्या. प्रत्येकीत एक सालाड, मुळांच्या मातीसकट उचललेलं.

"तांब्या ठेव," ते म्हणाले. "ट्रंक कुठेय?"

"खाटेखाली."

"काढ. पडाव नऊला सुटतो." त्यांनी माझ्या हातात पत्र दिलं. उघडंच होतं. मी वाचलं.

‘महिपतराव यांस सप्रेम नमस्कार. पत्र घेऊन येणारा लवू याने हातात घेतलेले काम पुरे झालेले नाही. सबब ते काम त्याच्याबरोबर पाठवीत आहे. तीन कुंड्या आहेत. एकीस दोन वाट्या, एकीस चार वाट्या एकदम, एकीस चार वाट्या गळतीने, याप्रमाणे पाणी ठरवून दिले आहे. प्रत्यक्ष किती मिळाले ते त्यास विचारावे. तो खरे सांगेल. मला सांगितले आहे. एवढे आपल्या गोदीस पुरेसे असल्यास ठेवून घ्यावा.’

"आप्पा," मी म्हणालो, आणि वाकून एक कुंडी उचलली.

"कुंड्या आडव्या करू नको," आप्पा म्हणाले.

मावशीने लहान मडकं, दर्भाची जुडी आणि दशम्या बांधून दिल्या. बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात माझ्या मांडीवर एक कुंडी, दोन पायांत दोन, आणि ट्रंकेवर नावाडी बसला. बोटीच्या डेकवर जागा मिळाली ती शिडीजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेत. हलायची सोय नव्हती. हललो की एखादी कुंडी कलंडणार. मी छत्री कठड्याला बांधली, तिच्या मुठीला मडकं टांगलं, खाली तिसरी कुंडी ठेवली. वाट्या मोजून पाणी घातलं. पहिला थेंब बरोबर बुंध्याशी पडला. पेन्सिलीने मी वेळ लिहिली.

जयगडला एक म्हातारी चढली. दोन पावलं पुढे गेली आणि परत आली. मडक्याकडे बघून तिने हात जोडले.

"कोनाची रे गळती?"

"आप्पांची."

"अरेरे. कधी गेले?"

"गेले नाहीत, आजी. घरी आहेत. ही भाजी आहे, तिला मोजून पाणी—"

"असो, असो," ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. "सुकत आलेय बघ. सुकू देऊ नये." आणि मी मध्ये हात घालेपर्यंत तिने आपला तांब्या मडक्यात रिकामा केला.

"आजी! ते मोजलेलं होतं!"

"पान्याचं पुन्य मोजतात काय, मेल्या?"

ती माझ्या ट्रंकेवरच बसली, आता लक्ष ठेवायला. मी कागद काढला. चार वाट्या खोडल्या नाहीत. त्यांच्यापुढे लिहिलं : अधिक एक तांब्या, जयगड, म्हातारी, नाव विचारले नाही. मग नाव विचारलं. चिमा. तेही लिहिलं.

दाभोळला तिघीजणी चढल्या. त्यांनी आधी गळतीकडे पाहिलं, मग चिमाआजीकडे. आजीने मान हलवली. तिघींच्या हातात तांबे होते. मी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.